चौदा नंबरकडे आलेले पाहुणे

किशोर निमकरांना मेंढरं हवी होती असं कुणी म्हणत असेल तर ते धादांत खोटं आहे. त्यांना मोगरा हवा होता. मेंढरं मागनं आली, आणि आली ती अशी आली, की माले गावाजवळच्या ‘हरितस्पर्श’ बंगलो सोसायटीत आजही त्या रविवारचा विषय निघाला की लोकांचा हात आधी नाकाकडे जातो.

मोगऱ्याचं असं झालं होतं. नारायण पेठेतल्या निमकरांच्या घराला एक गॅलरी होती. गॅलरी आपली म्हणायची. एक माणूस तिथं उभा राहिला की दुसऱ्यानं आत थांबायचं. त्या गॅलरीत, रंगाच्या फुटक्या डब्यात, शुभांगीबाईंचा मोगरा दर उन्हाळ्यात असा फुलायचा की खालच्या रस्त्यावरनं जाणारे माना वर करून बघायचे. आणि इथं? तीन गुंठे जागा, समोर डोंगर, वर आख्खं आभाळ, हवा अशी की पेठेतल्या माणसाला पहिले दोन दिवस ती पचतच नाही. एवढं सगळं असून त्या मोगऱ्याला वर्षभरात एक कळी धरली नव्हती. काड्या! नुसत्या काड्या!

आता मोगरा आला नाही म्हणून कुणाचं काय अडतं? तुमचं-आमचं नाही अडत. निमकरांचं अडत होतं. इथं राहायला यायचं ठरलं तेव्हा शुभांगीबाईंनी एकच अट घातली होती. वर्षभर राहून बघीन. जमलं तर जमलं, नाही तर परत पेठेत, आणि मग पुन्हा डोंगराचं नाव काढायचं नाही. म्हणून पेठेतलं घर विकलं नव्हतं, भाड्यानं दिलं होतं. त्याचा करार या महिनाअखेरीला संपत होता. “काका, राहू की दुसरीकडं बघू?” असं तो भाडेकरू बिचारा अधूनमधून विचारायचा, आणि किशोरराव “सांगतो, सांगतो” म्हणून फोन ठेवायचे. कारण सांगायचं होतं शुभांगीबाईंनी, आणि शुभांगीबाई काही बोलतच नव्हत्या.

तेच तर भयंकर होतं. बायको बोलत नाही म्हटल्यावर काही नवऱ्यांना हेवा वाटेल, वाटू दे. ज्या बाईचा आवाज जिन्याच्या पहिल्या पायरीवर ऐकू यायचा, ती इथं दिवसाकाठी “चहा झालाय” आणि “जाळीचं दार लावा” एवढ्यावर येऊन ठेपली होती. तक्रार करत नव्हती. तक्रार केली असती तर किशोररावांकडं उत्तरं तयार होती. इथं कोथिंबीर संपली तर पौडला जावं लागतं, डॉक्टर हवा तर पिरंगुटला, आणि चांगला डॉक्टर हवा असेल तर बावधनला, पण रस्त्यातली गर्दी बघता चांगला डॉक्टर लागणाऱ्या माणसानं जरा दम धरलेला बरा. हे सगळं त्यांना मान्य होतं. पण पेठेत रात्री झोप लागत होती का? गाडी लावायला जागा होती का? वगैरे वगैरे. भाषण पाठ होतं, ऐकणारं कुणी विचारत नव्हतं.

आणि एका संध्याकाळी शुभांगीबाई त्या काड्यांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “डब्यात यायचा हो.”

एवढं बोलून त्या आत गेल्या.

म्हणून त्यांनी मोगऱ्याचा प्रश्न हाती घेतला. निवृत्तीपर्यंत ते विमा कंपनीत लोकांचे दावे तपासत असत, त्यामुळं हाती घेतलेला प्रश्न होईल तितका वाढवायची त्यांना सवय होती. पहिल्यांदा त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर सल्ला मागितला. हरितस्पर्शमध्ये कुणी कुणाला नावानं ओळखत नसे. गाड्या यायच्या, फाटकं उघडायची, फाटकं लागायची. फोनवरच्या ग्रुपवर मात्र सगळे हजर, आणि तेही नंबरानं. निमकर म्हणजे चौदा नंबर. नऊ नंबरनं सांगितलं, ताकात हिंग कालवून घाला. सतरा नंबरनं सांगितलं, हिंग अजिबात नको, केळ्याची सालं पुरा. बावीस नंबरनं सांगितलं, खतबित सगळं झूट आहे, झाडाशी रोज प्रेमानं बोला. यावर नऊ नंबरनं एक हसरा चेहरा पाठवला, त्याचा बावीस नंबरला राग आला, आणि दोन दिवस ग्रुपवर सकाळचे सुविचारसुद्धा बंद पडले.

किशोररावांनी तिन्ही उपाय केले. झाडाशी प्रेमानं काय बोलायचं ते सुचेना, म्हणून त्यांनी त्याला पेन्शनच्या नियमातले नवे बदल समजावून दिले. दुसऱ्या दिवशी होती त्यातलीही दोन पानं गळली.

कुंपणापलीकडून जयसिंग हे सगळं बघत होता. सोसायटी ज्या जमिनीवर उभी होती ती जयसिंगच्या घराण्याची. ती विकून त्यानं रस्त्याकडेला दुमजली घर बांधलं होतं, वरच्या खोल्या भाड्यानं दिल्या होत्या, आणि आता रोज कुंपणाला टेकून आपल्या जुन्या जमिनीवर नवे मालक काय काय करतात ते बघायचा. एवढी करमणूक त्याला टीव्हीवरही मिळत नव्हती.

“क्याळ्याची सालं कुनासाठी पुरताय?” त्यानं विचारलं.

“मोगऱ्यासाठी. काही केल्या येत नाही हो.”

“यील कसा? समदा मुरूम हाय. हितं कुसळं बी धड येत नव्हती.”

“मग विकताना बोलला नाहीत ते!”

“तुमी इचारलं कुटं? तुमी इचारलं, घरातनं डोंगर दिसंल का. दिसतोय न्हवं?”

डोंगर दिसत होता. त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

“येवढीच नड असंल तर मेंढरं बसवा,” जयसिंग म्हणाला. “कोकनातली मेंढरं माघारी निगाल्यात. सिद्धू धनगर ताम्हिणी चढून वर आलाय, उद्या-परवा हितनंच जाईल. येक रात मेंढरं बसली का मुरमात बी पीक येतंय बगा.”

मेंढरं बसवणं म्हणजे काय, हे किशोररावांना त्या दिवशी कळलं. वाटसरू कळप रात्रीपुरता आपल्या रानात मुक्कामाला ठेवायचा. मेंढरांच्या लेंड्यांनी आणि मुतानं जमीन खतावते, आणि मोबदल्यात धनगराच्या बिऱ्हाडाला शिधा द्यायचा. पोतं आणायला नको, पसरायला माणूस नको. एका रात्रीत काम, आणि सगळं अस्सल. किशोररावांना ही कल्पना इतकी आवडली की आपल्याला ती आधी का सुचली नाही याचंच त्यांना नवल वाटलं. पेठेत मेंढरं बसवायची सोय नव्हती हे खरं कारण होतं, पण तेव्हा ते लक्षात आलं नाही.

सिद्धू जागा बघायला आला. डोक्याला तांबडं मुंडासं, खांद्यावर घोंगडं, कानाला फोन. फाटकातून आत येऊन त्यानं चौफेर नजर फिरवली.

“जागा कुटं हाय?”

“ही काय,” किशोरराव अभिमानानं म्हणाले.

“ही वाट झाली. जागा कुटं हाय?”

“अहो हीच! पूर्ण तीन गुंठे आहे.”

सिद्धूनं फोन खिशात ठेवला. “साहेब, ह्यात माजी कुत्री बी बसायची न्हाईत. मेंढरं हितं निस्ती उभी ऱ्हातील, येकमेकांच्या उरावर.”

शेवटी जयसिंगनं तोड काढली. तेरा आणि पंधरा नंबरचे प्लॉट रिकामेच पडले होते. तेही धरले तर कळप कसाबसा मावणार होता. पण किशोरराव नियमानं चालणारे गृहस्थ. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जागेत पाऊल ठेवणार नाहीत. त्यांनी रीतसर ग्रुपवर लिहिलं: ‘शनिवारी आमच्याकडे काही पाहुणे एका रात्रीसाठी मुक्कामाला येत आहेत. संख्या थोडी जास्त असल्यानं शेजारच्या रिकाम्या जागेत बसतील. पहाटे निघतील. कुणाची हरकत नसावी.’ या निवेदनात सगळं काही होतं, फक्त मेंढरं नव्हती. ‘मेंढरं’ असं त्यांनी खरोखर तीन वेळा लिहून बघितलं, पण दर वेळी बोट मागं आलं. ग्रुपवर धडाधड अंगठे उमटले. अध्यक्ष हैबतरावांचाही अंगठा आला.

हे हैबतराव तुरुंगाधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. जन्मभर लोकांना आत ठेवण्याचं काम केलेल्या माणसाला उतारवयात लोकांना बाहेर ठेवण्याचं काम मिळालं, आणि त्यांनी ते मनापासून अंगावर घेतलं. सोसायटीच्या गेटवर ॲप बसवलं ते त्यांनीच. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, फोन नंबर, फोटो. त्याशिवाय दांडा वर जायचा नाही.

आता एक गोष्ट किशोररावांच्या ध्यानात यायला हवी होती, पण मोगऱ्याच्या नादात आली नाही. त्याच रविवारी पेठेतल्या भिशीच्या बायका शुभांगीबाईंचं घर बघायला येणार होत्या. त्यांची म्होरकी उज्वला. तिनं फोनवर सांगितलं होतं, “एवढं काय आहे तिकडं, एकदा बघूनच जाऊ.” त्या बायकांनी नाक मुरडलं की शुभांगीबाईंचा निकाल लागला, हे किशोरराव ओळखून होते. म्हणून शनिवारी सकाळी त्यांनी जरा जपूनच मेंढरांची गोष्ट सांगितली.

“उद्या उज्वला येणार आहे ना?” शुभांगीबाईंनी विचारलं.

“ती अकराला. मेंढरं उजाडायच्या आत जाणार.”

“बरं,” शुभांगीबाई म्हणाल्या.

लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला या ‘बरं’चा अर्थ लागायला हवा. किशोररावांना लागला नाही, आणि म्हणून त्यांची दुपार वाईट गेली.

संध्याकाळी कळप गेटवर आला. आधी घंटा ऐकू आल्या, मग धूळ दिसली, मग एक घोडा, त्यावर भांडीकुंडी आणि दोन कोकरं, आणि मागं रस्ता भरून मेंढरं. गेटवरचा राजू हा जयसिंगचाच भाचा, पण नोकरीला पक्का. त्यानं फोन काढला. पहिल्या मेंढ्यासमोर वाकून त्याचा फोटो घेतला. नावाच्या जागी ‘मेंढा’ लिहिलं, नंबर सिद्धूचा घातला. दुसऱ्याला तोच नंबर घातल्यावर ॲप म्हणालं, हे पाहुणे आधीच आत आलेले आहेत. राजूनं पुन्हा करून बघितलं. मागं मेंढरं ओरडत होती, त्यांच्या मागं एका मोटारीचा हॉर्न ओरडत होता, आणि मामा या नात्यानं जयसिंग ओरडत होता. शेवटी राजूनं बांधकामाच्या टेम्पोसाठी ठेवलेलं मागचं फाटक उघडून दिलं. तिथं ॲप नव्हतं.

तासाभरात तीन प्लॉट मेंढरांनी भरले. भोवती जाळं लागलं, कुत्री चार कोपऱ्यांना बसली, आणि सिद्धूची बायको तुकाबाई तीन दगड मांडून, कळशी घेऊन थेट निमकरांच्या स्वयंपाकघरात आली. पाणी भरता भरता तिनं घर बघायला सुरुवात केली. फ्रिज उघडून बघितला. मिक्सरला हात लावून बघितला.

“लेकरं कुटं हायेत?”

“मुलगी आहे. बंगळूरला असते,” शुभांगीबाई म्हणाल्या.

“मंग येवढं घर कुनाला?”

“तेच तर!” शुभांगीबाई म्हणाल्या, आणि त्या इतक्या पटकन म्हणाल्या की बाहेर बसलेल्या किशोररावांनी चहाचा कप खाली ठेवला.

मग शिध्याचा प्रसंग झाला. शिधा म्हणजे किती, हे शुभांगीबाईंना ठाऊक नव्हतं. पेठेतल्या हिशोबानं त्यांनी दोन माणसांना पुरेल असा शिधा काढला होता. तूरडाळ, तांदूळ, पीठ, तिखट, मीठ, गूळ, प्रत्येकाची छोटी पिशवी, तोंड दाबून बंद केलेली. तुकाबाईनं पिशव्या ओंजळीत घेतल्या, उलटसुलट केल्या.

“ह्यो परसाद हाय व्हय?”

शुभांगीबाईंनी पिशव्यांकडं बघितलं, तुकाबाईकडं बघितलं. आणि मग शुभांगीबाई हसल्या. नुसत्या गालातल्या गालात नाही; खदाखदा, डोळ्यांना पदर लावून हसल्या. त्यांनी ज्वारीच्या पिठाचा आख्खा डबा उचलून तुकाबाईच्या हातात दिला, वर कांदे दिले, लसूण दिला, लोणच्याची बरणी दिली. मग दोघी पायरीवर बसल्या त्या अंधार पडेपर्यंत. तुकाबाईनं सासूचं काय काय सांगितलं, शुभांगीबाईंनी आपल्या सासूचं सांगितलं, म्हणजे किशोररावांच्या आईचं. किशोररावांना आत सगळं ऐकू येत होतं आणि त्यातलं पुष्कळसं त्यांना नवीन होतं. पण बायको बोलतेय म्हटल्यावर त्यांनी आईच्या वतीनंही काही म्हटलं नाही.

रविवारी पहाटे उठून ते आधी बाहेर धावले. जमीन बघून त्यांचा ऊर भरून आला. मुरूम दिसतच नव्हता. सगळीकडं काळंभोर, ओलसर, दाट खत. आता इथं मोगरा काय, मागाल ते येईल! या आनंदात त्यांनी मोगऱ्याकडं बघितलं. मोगरा नव्हता. रात्रीत मेंढरांनी तो बुडापर्यंत खाल्ला होता, आणि रिकाम्या पंधरा नंबरच्या कडेच्या जास्वंदीच्या कुंपणाचंही तसंच केलं होतं.

“जित्राब हाय साहेब,” सिद्धू म्हणाला. “हिरवं दिसलं तर खानारच की. आता खत झालंय, दुसरं लावा.”

किशोरराव खाली बसले. वर्षभर जपलेल्या काड्या, आणि त्याही गेल्या. पण दुःख करत बसायला सवड मिळाली नाही, कारण सकाळच्या फेरीला निघालेले हैबतराव, नाकाला रुमाल लावून, तेवढ्यात कोपऱ्यावर प्रकट झाले होते.

हैबतरावांनी ओरडाआरडा केला नाही. तो त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी फक्त मागच्या फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. “गुरं-मेंढरं टेम्पोच्या फाटकानं जाणार नाहीत. जायचं ते मुख्य गेटनं, रीतसर नोंद करून.”

कळप मुख्य गेटवर गेला. राजूनं ॲप उघडलं. बाहेर जाण्याची नोंद करायची तर आत आल्याची नोंद लागते. आत आल्याची नोंद फक्त एका मेंढ्याची होती.

“म्हणजे उरलेली मेंढरं आत आलेलीच नाहीत,” हैबतराव म्हणाले. “आलीच नाहीत तर बाहेर जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.”

“अहो, पण ती इथं उभी आहेत!” किशोरराव कळवळून म्हणाले.

“ते तुम्ही म्हणता. नोंदीत नाहीत. आधी आत घेतल्याची मंजुरी घ्या. ती सेक्रेटरी देतात.”

“मग त्यांना विचारा!”

“ते मुलाकडं अमेरिकेला गेलेत. झोपले असतील.”

ऊन चढायला लागलं. मेंढरं तहानेनं ओरडायला लागली. किशोररावांनी दोन अर्ज तोंडी आणि एक लेखी केला. ‘क्षमस्व’ हा शब्द त्यांनी आयुष्यात जितका वापरला नव्हता तितका त्या सकाळी वापरला. विमा कंपनीत त्यांच्या टेबलासमोर लोक असेच उभे राहायचे, आणि त्यांना तेव्हा ते लोक उगाच घाई करतात असं वाटायचं. आता त्यांना घामानं चष्म्यातून दिसेना. अकरा वाजत आले होते, आणि कुठल्याही क्षणी उज्वला येणार होती.

तुकाबाईला तेवढा धीर नव्हता. कडेवर कोकरू घेऊन ती हैबतरावांच्या पुढ्यात गेली. “आवं, जित्राब तडफडतंय. सोडा की! तुमच्या घरचं काय जातंय?”

“ए बाई, चल हो तिकडं,” हैबतराव म्हणाले.

“ए बाई कुणाला म्हणालात?”

हा आवाज मागून आला. किशोररावांनी तो वर्षभर ऐकला नव्हता, त्यामुळं त्यांना ओळखायला क्षणभर वेळ लागला. गळ्यातून नव्हे, थेट पोटातून निघालेला, तीन मजले सहज उतरून रस्ता ओलांडेल असा आवाज. शुभांगीबाई पदर खोचून उभ्या होत्या.

“मॅडम, तुम्ही यात पडू नका.”

“का नको पडू? त्या माझ्याकडं मुक्कामाला आल्यात. काल रात्री माझ्या पायरीवर जेवल्यात. त्यांना ए बाई म्हणायचं नाही. अहो म्हणा!”

“नियम आहे!” हैबतराव म्हणाले. “सोसायटीत दोनपेक्षा जास्त प्राणी ठेवता येत नाहीत.”

“बरोबर आहे तुमचं. आम्ही एका रात्रीसाठी घेतले, रात्र संपली, ते निघाले. अडवलंय कुणी? किल्ली कुणाच्या खिशात आहे? मग दोनपेक्षा जास्त प्राणी आत कोण ठेवतंय, मी का तुम्ही?”

हैबतरावांनी खिशातली किल्ली चाचपली. इतक्या वर्षांच्या नोकरीत इतके बेरकी लोक बघितले, पण त्यांना हे कुणी असं तोंडावर विचारलं नव्हतं. तरी माणूस कसलेला. “तुमच्या मिस्टरांनी ग्रुपवर पाहुणे म्हणून लिहिलं. ही फसवणूक आहे.”

“आहेच! त्यांना घरी गेल्यावर मी बघते. पण तुम्ही अंगठा दिलात तेव्हा विचारलंत का, कोण पाहुणे, किती पाहुणे? अध्यक्ष ना तुम्ही? न वाचता अंगठे देता?”

किशोररावांना जमीन दुभंगेल तर बरं असं वाटलं. पण एक चमत्कार घडत होता. वर्षभर बंद असलेली दारं उघडायला लागली होती. नऊ नंबर अर्ध्या चड्डीत बाहेर आला. ताकात हिंग घाला म्हणणारा हा गलेलठ्ठ माणूस, हे किशोररावांना पहिल्यांदा दिसलं. बावीस नंबर दात घासता घासता आला. सतरा नंबर म्हणजे केळ्याच्या सालांवाली, एक ठेंगणी, चटपटीत मुलगी निघाली. तिचं नाव वैष्णवी. तिनं कुणाला न विचारता बागेची नळी आणली आणि मेंढरांपुढं टब भरायला सुरुवात केली. “काकू, एकदम बरोबर बोलताय!” ती ओरडली. नऊ नंबर म्हणाला, नियम तो नियम. बावीस नंबर म्हणाला, नऊ नंबरची गाडी रोज माझ्या फाटकासमोर उभी असते तो कुठला नियम? पाहता पाहता एका भांडणाची तीन भांडणं झाली, आणि तिन्हींच्या मधोमध शुभांगीबाई, एकदा इकडं, एकदा तिकडं.

अशा वेळी गेटबाहेर भिशीच्या बायकांची मिनीबस येऊन थांबली.

“शुभे!” उज्वलानं खिडकीतून डोकं काढलं. “काय झालं गं? कोण बोलतोय तुला?”

“हे! अध्यक्ष!”

“अहो अध्यक्ष, जरा इकडं बघा! बाईमाणसाशी असं बोलतात?”

मिनीबसमधल्या सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या. प्रकरण काय आहे हे त्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं, पण पेठेत त्यावाचून कुणाचं अडत नाही. पुढून शुभांगीबाई, मागून मिनीबस, आणि दोन्हींमध्ये गेटच्या गजाला धरून हैबतराव. राजूनं ॲप बघितलं. भिशीच्या बायकांची नोंद शुभांगीबाईंनी दोन दिवस आधीच केली होती. नावं, नंबर, सगळं बिनचूक. मंजूर पाहुणे गेटवर आले तर दांडा वर करायचा, हा हैबतरावांचाच हुकूम. राजूनं दांडा वर केला.

मेंढ्यानं मोकळा रस्ता बघितला आणि चालायला लागला. एक चालला की बाकीची निघतात. मिनीबसच्या दोन्ही अंगांनी कळप वाहत बाहेर पडला. आतल्या बायकांनी किंचाळून काचा ओढून घेतल्या, घोडा गेला, कुत्री गेली, सिद्धू “चुक् चुक्” करत गेला. तुकाबाई जाता जाता शुभांगीबाईंपाशी थांबली. “लई ग्वाड भांडता,” ती म्हणाली, आणि कोकरू सावरत धावली.

दुपारची पंगत मात्र काही धड झाली नाही. खिडक्या उघडाव्यात तर वास, लावाव्यात तर उकाडा. भिशीच्या बायका नाकाला रुमाल लावून पुरी-भाजी जेवल्या. निघताना उज्वला दारात शुभांगीबाईंचा हात धरून म्हणाली, “कुठं येऊन पडलीस गं? डोकं उठलं माझं. परत ये बाई. तुझ्यावाचून जिना ओस पडलाय.” शुभांगीबाई नुसत्या हसल्या. स्वयंपाकघरात भांडी पुसत असलेल्या किशोररावांनी ते ऐकलं. झालं! निकाल लागला.

त्यातच ग्रुपवर हैबतरावांची सूचना आली. येत्या रविवारी तातडीची सभा. विषय एकच: चौदा नंबर.

किशोररावांनी हातातलं फडकं ओट्यावर टाकलं. त्यांना राग कुणाचा येत नव्हता. मोगरा गेला, अब्रू गेली. ते एक वेळ चाललं असतं. पण आज वर्षभरानं त्यांनी आपल्या बायकोचा खरा आवाज ऐकला होता, आणि तो आपणच बंद पाडला होता हे त्यांना कळून चुकलं होतं. आपल्याला डोंगर हवा म्हणून हिला इथं आणलं, आणि ही कोमेजत गेली, आणि आपण काय केलं, तर केळ्याची सालं पुरली. त्यांचे डोळे भरून आले. भाडेकरूचा नंबर काढून ते बाहेरच्या खोलीत गेले.

“शुभा, मी त्या मुलाला घर रिकामं कर म्हणून सांगतो. जाऊ आपण परत. मी पुन्हा डोंगराचं नाव काढणार नाही.”

शुभांगीबाई डोळ्यांवर चष्मा चढवून सोसायटीची नियमावली वाचत होत्या. हातात पेन्सिल होती. “कुणाला सांगताय? वेड लागलंय का तुम्हाला? रविवारी सभा आहे ना.”

“तिथं आपला अपमान करणार ते.”

“करू देत की! मी काय तोंड शिवून बसणार आहे? आणि मी आत्ता गेले तर हैबतराव काय म्हणतील? पळाली म्हणतील.” त्यांनी एका ओळीखाली रेघ मारली. “तसा माणूस वाईट नाही हो. मुद्दा सोडत नाही. पेठेत आता असं कोण उरलंय? सगळे कानात फोनची बोंडं घालून लिफ्टनं वर जातात. त्या उज्वलेला विचारा, ती तरी शेवटचं कधी कुणाशी भांडली होती.”

किशोररावांनी हातातला फोन टेबलावर ठेवला.

“वर्षभर मला वाटत होतं, या डोंगरात माणसंच नाहीत,” शुभांगीबाई म्हणाल्या. “सकाळी उठून बघायचं ते बंद दारांकडं. मी घाबरले होते हो. वाटायचं, मी एक दिवस बोलायचीच विसरून जाईन. आणि आहेत की माणसं! ती वैष्णवी उद्या चहाला येतेय. तिला नऊ नंबरचं काहीतरी सांगायचंय.”

किशोररावांनी तिथल्या तिथं भाडेकरूला फोन लावला आणि राहा म्हणून सांगितलं, हवं तितकं राहा. सांगताना ते सारखं नाक ओढत होते, त्यामुळं त्या मुलाला वाटलं काकांकडं काही वाईट घडलंय, आणि त्याची समजूत घालण्यात थोडा वेळ गेला. फोन ठेवून ते खुर्चीत टेकले. बाहेर संध्याकाळ होत होती. डोंगरावर ऊन मागं सरत होतं, पानही हलत नव्हतं. हेच, अगदी हेच हवं होतं त्यांना आयुष्यभर.

“अहो,” शुभांगीबाई चष्मा कपाळावर सरकवून उठल्या, “जरा ती खिडकी उघडा बघू. हैबतराव फिरायला निघालेत. त्यांना एक विचारायचं राहिलंय माझं.”

किशोररावांनी त्या शांततेत डोळे भरून एकदा डोंगराकडं बघितलं, आणि खिडकी सताड उघडली.